आमची वाटचाल: मारुती चौकाजवळचं सायकलचं दुकान

वडिलांनी १९६८ साली दुकान घातलं तेव्हा विक्री नव्हतीच, भाड्याच्या अकरा सायकली होत्या. सांगली सपाट. साखर कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर घंट्या वाजायच्या. मग लुना आली, एम-८० आली, पुढं हप्त्यावरची स्कूटी. भाड्याच्या सायकली बंद केल्या, पंक्चरवर घर चाललं. त्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते २०१९ चं. २००५ च्या पुराची खूण आम्ही भिंतीवर लाल ऑइलपेंटनं मारली होती. ऑगस्टात पाणी चढू लागलं तसा त्या खुणेच्या हातभर वर सगळा माल रचला आणि निर्धास्तपणे मिरजेला बहिणीकडं गेलो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. परत आलो तर तेवीस नव्या सायकली गाळात.

दुकान विकायलाच काढलं होतं. थांबलो ते दिवाणजींमुळं. हळदीच्या अडतीत चाळीस वर्षं नोकरी आणि तेवढीच वर्षं एकच रॅले सायकल, चोवीस इंची. तिच्या चाकाचा हब, म्हणजे आसाभोवतीचा मधला भाग, उघडला की ग्रीस पिवळं निघायचं. पाणी ओसरल्यावर ती चिखलानं माखलेली सायकल ढकलत आले आणि म्हणाले, "घाई नाही. पण करायची तूच." रॉकेलच्या परातीत छर्रे टाकले, कप-कोन घासले. मागच्या चाकाच्या चाळीस तारांपैकी सात गेलेल्या. वडिलांच्या गोल पान्यानं तारांना पाव-पाव आटा देत आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला. एका सायकलीला दोन दिवस! त्यानंतर मात्र त्या तेवीसही उघडायला घेतल्या.

तेवढ्यात आमच्याकडंच सहा वर्षं हात काळे करून शिकलेल्या एकानं मिरज रस्त्याला काचेचं शोरूम टाकलं. गिऱ्हाइकाला सांगायचा, "तिकडं पुराचा माल रंगवून खपवतात." आम्ही प्रत्येक पावतीवर 'पुरात भिजलेली' असं लिहून निम्म्या किमतीत विकल्या. पावतीबुकं आहेत, कधीही या, दाखवतो.

२०२० च्या टाळेबंदीत उलटंच झालं. सायकल पाहिजे म्हणून फोन थांबेनात आणि लुधियानाहून माल येईना. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तोही नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. आता रविवारी पहाटे दंडोब्याच्या डोंगराला सायकलनं जाणारी पोरं हवा भरायला थांबतात. गिअर, डिस्क ब्रेक, बारीक व्हॉल्व्ह. लोक म्हणतात सायकल परत आली. रविवारची आलीय, सोमवारची नाही. शाळेच्या दारात स्कूट्यांपेक्षा सायकली जास्त दिसू देत, मग मानीन.

आणि नवी सायकल घेतलीत तर महिनाभरात तारा कसून घ्या. सुरुवातीला त्या ढिल्या पडतात. प्रेशरच्या पाण्यानं हब धुऊ नका. हे कुणी सांगत नाही.

शोरूमच्या सायकलींची चाकं आउट झाली की हल्ली माझ्याकडंच येतात. करून देतो. उधारी मात्र नाही.