तुम्ही विचारलंत म्हणून: ट्यून काय करत बसता?

घरी बांधलेली टेस्ला कॉइल, म्हणजे प्रचंड व्होल्टेज तयार करून हवेत ठिणग्या फेकणारं यंत्र, बघायला आलेला माणूस आधी विचारतो, "शॉक नाही का बसत?" त्याचं उत्तर थोडक्यात देतो: खालच्या कपॅसिटरला (वीज साठवतो तो भाग) हात लागला तर जीव जाऊ शकतो. प्लग काढल्यावरसुद्धा तो डिस्चार्ज केल्याशिवाय मी जवळ फिरकत नाही. दुसरा प्रश्न मात्र मला आवडतो. "सगळं गणित करून बांधलंत ना? मग ट्यून काय करत बसता?"

गणित केलं होतं, अगदी मन लावून. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर अर्ध्या मिलिमीटरच्या एनॅमल तारेचे सुमारे ९०० वेढे, ही सेकंडरी. (सातशेच्या पुढे एक वेढा दुसऱ्यावर चढला, सगळं उलगडून पहिल्यापासून गुंडाळलं. त्या संध्याकाळी घरात कोणी माझ्या वाटेला गेलं नाही.) वर अ‍ॅल्युमिनियमचा टोरॉइड, मेदूवड्याच्या आकाराचं कडं. या दोघांची मिळून फ्रिक्वेन्सी आली २५० किलोहर्ट्झच्या आसपास. खाली कपॅसिटर आणि तांब्याच्या नळीची चपटी प्रायमरी, म्हणजे खालची कॉइल. तिच्या कुठल्या वेढ्यावर टॅप (सरकवता येणारी जोडणी) लावला की तीही २५० वर येते, कारण दोघींचा सूर जुळला तरच ठिणगी लांब जाते, ते कागदावर काढलं. सिग्नल जनरेटर लावून तपासलं, बरोबर निघालं. स्पार्क गॅपवर (ठिणगीच जिथे स्विचचं काम करते ती फट) चालू केली, तर जेमतेम वितभर ठिणगी आणि कानठळ्या बसवणारा आवाज!

चूक गणितात नव्हती. मी मोजली होती ती गप्प बसलेली कॉइल. टोरॉइडमधून ठिणगी फुटली की हवेतला तो तापलेला फाटा विद्युतभार धरतो, म्हणजे टोरॉइडच जणू मोठा होतो. कपॅसिटन्स (भार धरण्याची क्षमता) वाढला की फ्रिक्वेन्सी उतरते. तंबोऱ्याची तार छेडली म्हणून तिचा सूर उतरत नाही. इथे वाजवलं की उतरतो, आणि जितकं जोरात वाजेल तितका जास्त. म्हणून प्रायमरी आधीच थोडी खाली लावून ठेवायची.

टॅप पाव वेढा बाहेर सरकवला. ठिणगी वाढली. आणखी पाव, आणखी वाढली. प्रत्येक वेळी प्लग काढा, डिस्चार्ज करा, सरकवा, लांब जा, चालू करा. पाऊण वेढ्यावर फाटे हातभर झाले. एक वेढा पुरा केला तर पुन्हा आखडले.

मध्येच सेकंडरीच्या अंगावरून ठिणग्या धावू लागल्या. दोन्ही कॉइलचं कपलिंग, म्हणजे एकमेकींशी असलेली चुंबकीय जोड, जास्त झालं होतं. सेकंडरी तीन सेंटिमीटर वर उचलली, थांबल्या. हे मी कागदावर काढलंच नव्हतं.

१८९१ साली टेस्लाला यातून बिनतारी दिवे पेटवायचे होते. मला नुसता तो कडकडाट पुरतो. पाऊण वेढ्यावर लाल रंगाची खूण केली आहे, पण परवाच मोठा टोरॉइड बसवला. आता खूण आणखी बाहेर जाणार.