गाडी ऑइल खात होती, पण इंजिन बसलं नव्हतं

सकाळी सेल्फ मारला की सायलेन्सरमधून धुराचा लोट यायचा आणि त्याच क्षणी बॉनेटखाली टकटक सुरू व्हायची. पेट्रोल गाडी, 4 सिलिंडर, 1 लाख 40 हजार किलोमीटर चाललेली. ज्या मेकॅनिकला आधी दाखवली, त्याने उभ्याउभ्या ऐकून सांगितलं, "इंजिन बसलंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या, बेअरिंगपण वाजतंय. उतरवावं लागेल." त्याने ना डिपस्टिक काढून पाहिली, ना एक प्लग उघडला. एवढं मोठं काम नुसत्या अंदाजावर करायला माझं मन तयार होईना, म्हणून 15 दिवस मागून घेतले आणि एक वही केली.

आधी धुराचा रंग नक्की करायचा होता. अंधुक उजेडात पांढरा आणि निळा यांत पटकन फरक कळत नाही. थंड सायलेन्सरमधली वाफ पांढरी असते आणि थोड्या अंतरावरच विरून जाते. ती अगदी चांगल्या गाडीतूनही येते. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅसकेटची (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधल्या सीलची) शंका घ्यावी. माझा धूर हवेत तरंगत राहायचा आणि जळक्या ऑइलचा वास यायचा. पाइपपासून वीतभर अंतरावर पांढरा कागद धरला, तर त्यावर तेलकट ठिपके उठले. कूलंटच्या बाटलीवर पातळीची चिकटपट्टी लावली होती. 15 दिवसांत पातळी हलली नाही. काळा धूर, म्हणजे जास्त पेट्रोल जाण्याची खूण, कधीच दिसला नाही.

ऑइल जळतंय हे ठरलं, पण ते रिंगांवरून वर येतंय की व्हॉल्व्हकडून खाली गळतंय, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी धूर केव्हा येतो ते पाहावं लागतं. एका रविवारी भावाला त्याच्या गाडीने माझ्या मागे यायला सांगितलं. चढावर मी दाबून रेस दिली. रिंगा गेल्या असत्या, तर जोर पडताच निळा धूर सुटला असता. भाऊ फोनवर म्हणाला, "काही नाही, दादा, साफ आहे." मग लांब उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून पाय अॅक्सिलरेटरवरून काढला आणि खाली पोचल्यावर पुन्हा रेस दिली. तेव्हा भसकन लोट आला. पाय काढल्यावर थ्रॉटल बंद होतं, इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ तयार होते, आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील कडक झालं असेल तर तिथून ऑइल आत खेचलं जातं. रात्रभर उभ्या गाडीत हेच ऑइल थेंबाथेंबाने उतरतं आणि सकाळी जळतं. सिग्नलला बराच वेळ थांबून निघाल्यावरही थोडा धूर यायचा. तेही याच्याशी जुळलं. अडकलेल्या पीसीव्ही व्हॉल्व्हमुळेही (इंजिनच्या खालच्या भागातला वायू इनटेककडे सोडणारी छोटी झडप) ऑइल खेचलं जातं, म्हणून तो काढून हलवून पाहिला. आतून खुळखुळला, म्हणजे मोकळा होता.

तरी माझ्या अंदाजावर मी थांबलो नाही. दुसऱ्या एका मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासून घेतलं. चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, इग्निशन तोडलेलं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. रीडिंग आलं 170, 165, 170 आणि 160 पीएसआय. 160वाल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं. रिंगा झिजल्या असत्या, तर त्या ऑइलने फट भरून आकडा चांगलाच चढला असता. तो जेमतेम 165 झाला, म्हणजे रिंगा ठीक होत्या. हे काम गाडी उतरवण्याआधी प्रत्येकाने हट्टाने करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता टकटक. वहीतल्या नोंदी वाचताना माझ्या लक्षात आलं की धूर अर्ध्या मिनिटात संपायचा आणि आवाज मात्र सुमारे दहा मिनिटं टिकायचा. दोन्ही एकत्र सुरू होत म्हणून मी त्यांना एकच दुखणं समजत होतो. बेअरिंगचा आवाज खोल, घणासारखा असतो आणि ऑइल गरम होऊन पातळ झालं की बहुधा वाढतो. माझा आवाज हलका होता आणि इंजिन तापलं की गायब व्हायचा. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं इंजिनभोवती फिरवलं (पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून). टॅपेटच्या झाकणापाशी काही नव्हतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून जळका वायू सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) मागच्या कोपऱ्याजवळ नळी नेली, तर आवाज एकदम मोठा झाला. इंजिन बंद करून थंड झाल्यावर टॉर्च मारली, तिथे काजळीची रेघ होती. मॅनिफोल्ड आवळून धरणारा एक स्टड (बोल्ट) तुटला होता आणि गॅसकेटच्या फटीतून वायू फटफटत बाहेर पडत होता. धातू तापून फुगला की फट मिटायची.

ही गळती पाहून मी खरंच घाबरलो. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि बॉनेटखालची हवा व्हेंटमधून आत येऊ शकते. धुराची नोंद करायला मी काही सकाळी शटर अर्धवट उघडून गॅरेजमध्येच इंजिन चालू ठेवलं होतं. तसं कोणीही करू नये. गाडी आधी पूर्ण बाहेर काढा.

स्टड आणि गॅसकेट त्याच दिवशी बदलले. सोळाही व्हॉल्व्ह सील पुढच्या आठवड्यात, हेड न उतरवता: प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरली, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह आत पडत नाही. निघालेली जुनी सीलं बोटांनी दाबून पाहिली, प्लास्टिकसारखी कडक झाली होती.

आधी दर 1,000 किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल घालावं लागायचं. काल 2,000 किलोमीटर झाले. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, सपाट जागेवर डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली आहे.