सर, तुम्ही चिडत कसं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या ड्रायव्हिंग क्लासला येणारं जवळजवळ प्रत्येक जण हे एकदा तरी विचारतं, आणि बहुतेक वेळा आमच्या कोल्हापुरातल्या टेंबलाईच्या चढावर. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच सोडून गाडी धरून ठेवणं, साधत नाही, गाडी मागं घरंगळायला लागते, मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. तेवढ्यात घामाघूम झालेल्या काकू माझ्याकडं वळून म्हणतात, ‘सर, तुम्ही चिडत कसं नाही वं?’

उत्तर द्यायचं तर मला एक सिनेमा सांगावा लागतो. माईक ली या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 2008 चा ‘हॅपी-गो-लकी’. त्यातली पॉपी लंडनमधल्या प्राथमिक शाळेत शिकवते. वय तीस, आणि कायम हसतमुख. सिनेमाच्या सुरुवातीलाच तिची सायकल चोरीला जाते, तर हिला वाईट कशाचं वाटतं, की सायकलीचा साधा निरोपही घेता आला नाही! मग ती गाडी शिकायला लागते. शिकवणारा स्कॉट तिच्या अगदी उलट, सदा कावलेला. सॅली हॉकिन्सला पॉपीसाठी बर्लिन महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, पण माझ्या मते स्कॉट झालेला एडी मार्सनही तितकाच मोठा नट आहे.

आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं ते गाडीतले प्रसंग बघावेत. तिकडंही स्टिअरिंग उजवीकडं, म्हणजे शिकवणारा आपल्यासारखाच डावीकडं. पॉपी उंच टाचांचे बूट घालून येते आणि स्कॉट त्यावरून तिला झापतो. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. टाच उंच असली की क्लच कुठं पकडतो ते पायाला कळत नाही. मीसुद्धा पहिल्या दिवशी आधी पायातलं बघतो. आरशांवर लक्ष राहावं म्हणून तो ‘एन-रा-हा’ असा मंत्रच शिकवतो, आतला आरसा आणि बाजूचे दोन मिळून त्रिकोण. पण हाच माणूस रस्त्यावर दोन काळी पोरं दिसली की दार लॉक करायला लावतो.

त्याचा राग म्हणजे मुळात भीतीच आहे, असं मला वाटतं. शिकाऊ माणसाशेजारी बसणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, आपल्या पायाशी काय ते ब्रेक आणि क्लच. ती भीती ओरडण्यातून बाहेर पडते. आणि ओरडलं की शिकणाऱ्याची नजर रस्त्यावरून उठून थेट आपल्या तोंडाकडं येते. दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत अपघाताला एवढं पुरतं!

खरी कॉर्नरला सिनेमावाल्यांच्या आठवणीत उभारलेल्या कॅमेरा स्तंभावरून जाताना कोल्हापूरकराच्या तोंडी सिनेमाचा विषय निघतोच, तेव्हा ही पॉपी मी बऱ्याच जणांना सुचवली आहे. निम्मे लोक येऊन सांगतात, ‘बाई डोक्यात जाते, एवढं कोण हसतं का?’ मला हे पटत नाही. माईक ली पटकथा लिहून शूटिंगला उतरत नाही. नटांना घेऊन कित्येक महिने पात्रं उभी करतो, संवाद त्यातूनच येतात. त्यामुळं पॉपीचं हसणं चिकटवलेलं वाटत नाही. शिवाय ती बघते किती! तिच्या वर्गातला एक पोरगा दुसऱ्यांना मारायला लागतो. ती त्याच्या अंगावर ओरडत नाही. लक्ष ठेवते, मुख्याध्यापिकेशी बोलते, समाजसेवकाला बोलावलं जातं आणि शेवटी कळतं की घरी त्या पोरालाच मार बसतोय. दिवसभर स्वतःच्याच आनंदात असलेल्या बाईला हे दिसलं असतं का?

आणि ती मऊ नाही. शेवटी स्कॉटचा तोल जातो. भडकून वेडीवाकडी गाडी हाणतो. गाडी थांबल्यावर पॉपी चावी काढून घेते आणि या अवस्थेत तुला चालवू देणार नाही, असं ठणकावते. तो अंगावर धावून येतो, नको नको ते बोलतो. तिचं हसू तेव्हा पार गेलेलं असतं, तरी ती त्याचं सगळं ऐकून घेते. तो शांत झाल्यावर मात्र सांगते, की यापुढं तुझ्याकडं शिकायला येणार नाही. त्याचं दुःख तिला कळलेलं असतं, पण म्हणून काही ती पुन्हा त्याच्या शेजारी बसत नाही. मला ती आवडते ती इथं सगळ्यात जास्त.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चढावर गाडी बंद पडली की मी आधी हँडब्रेक ओढतो. मागच्याला हात दाखवून पुढं जायला सांगतो. तो शिव्या देत गेला तर जाऊ दे. मग काकूंना म्हणतो, न्यूट्रल करा, श्वास घ्या, पुन्हा स्टार्टर मारा. त्यात हसण्यासारखं काही निघालं तर आम्ही दोघंही हसतो. पण कुणी घरातून भांडून, दार आपटत गाडीत बसलं, तर चावी माझ्या खिशातून निघत नाही, मग ते कितीही मोठ्या हुद्द्यावरचं असो. त्या दिवशी टपरीवर चहा होतो आणि तास दुसऱ्या दिवशी भरून देतो.