मोडेनाच्या माळ्यावरची पिंपं

बाल्सामिक व्हिनेगर म्हणजे सॅलडवर शिंपडायचं काळं आंबट पाणी, एवढीच माझी अक्कल होती, ती इटलीतल्या मोडेनाला गेल्यावर ठिकाणावर आली. तिथे एका घरी माळ्यावर लाकडी पिंपं होती, मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने मांडलेली, ओक, चेस्टनट, चेरी अशी वेगवेगळ्या लाकडांची. द्राक्षांचा रस शिजवून आटवायचा, आंबू द्यायचा आणि मग दरवर्षी सगळ्यात छोट्या पिंपातून थोडंसं काढायचं, कमी झालं तेवढं शेजारच्या मोठ्यातून भरायचं, असं करत करत शेवटी सगळ्यात मोठ्यात नवा रस. माळाच का, तर उन्हाळ्यात तापतो नि हिवाळ्यात गारठतो, ते लागतंच. कमीत कमी १२ वर्षं, आणि बाटलीवर 'एक्स्ट्राव्हेक्किओ' (म्हणजे खूप जुनं) लिहायचं तर २५!

पूर्वी मुलगी झाली की पिंपांचा नवा सेट सुरू करायचे, लग्नात तो तिच्याबरोबर जायचा. या घरातल्या आजीचा सेट तिच्या आईचा, आता नातू त्यातलंच विकतो, १०० मिलीच्या ठरलेल्या बाटलीत (बाटली जुजारोने डिझाइन केलेली, तोच तो गाड्यांचा डिझायनर). बिझनेस म्हणायचा खरा, पण आज भरलेला रस विकायला म्हातारपण येणार, कुठली बँक ऐकून घेईल हे? सुपरमार्केटमधलं स्वस्त ते वेगळं हां, त्यात वाइन व्हिनेगर मिसळलेलं असतं.

आजीने पार्मिजानो चीजच्या तुकड्यावर चार थेंब टाकून दिले, आणि मी अजून एक तुकडा मागायला अजिबात लाजलो नाही.