तुम्ही विचारलंत म्हणून: रत्नागिरीत काय बघू?

प्रश्न नेहमी एकाच चालीत येतो. "गणपतीपुळ्याला चाललोय, मध्ये रत्नागिरीत दोन तास आहेत, काय बघू?" दोन तासांत आंब्याची पेटीसुद्धा धड निवडून होत नाही, पण असो.

हे गाव वरून खाली बघायचं. रेल्वे स्टेशन वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बंदर खाली, आणि मधला उतार म्हणजे रत्नागिरी. जांभ्या दगडाचे गडगे म्हणजे कुंपणाच्या भिंती, त्यांच्यामधून उतरणाऱ्या पाखाड्या म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, आणि एखाद्या वळणावर कौलांच्या वर अचानक समुद्र.

सुरुवात थिबा राजवाड्यापासून करा. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा उभा राहायला १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये राजा गेलाच. त्याची नात टूटू मात्र इथल्याच मराठी माणसाशी संसार करून शेवटपर्यंत रत्नागिरीकर राहिली. राजवाड्यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाली काजळी नदी आणि भाट्याची खाडी दिसते, तिथे पाच मिनिटं गप्प उभे राहा.

मग खाली गावात. टिळकांचं जन्मघर, आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशातून १९३१ साली उभं राहिलेलं पतितपावन मंदिर. सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध होते. मंदिर सगळ्या जातींना खुलं होतं, तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती. रत्नदुर्ग घोड्याच्या नालासारखा समुद्रात घुसलाय. त्याच्या एका अंगाला काळी वाळू, दुसऱ्या अंगाला पांढरी. म्हणून आम्ही सरळ काळा समुद्र, पांढरा समुद्र म्हणतो.

पण वेळ राखून ठेवा तो मिरकरवाड्यासाठी, म्हणजे इथल्या मासळी बंदरासाठी. होड्या लागल्या की धक्क्यावर बांगड्याच्या पाट्या उतरतात, पायाखाली बर्फाचं पाणी. नाखवा म्हणजे होडीचा मालक कोकणी मुसलमान, तांडेल म्हणजे होडी हाकणारा खारवी समाजाचा, पाट्या वाहणारे खलाशी नेपाळचे. नाखवा कोकणीत ओरडतो, खलाशी हिंदीत उत्तर देतो, आणि लिलाव पुकारणारा दोघांच्या वर आवाज काढून "अकराशे, बाराशे" म्हणत सुटतो. बोली लावणारा कधी नुसती भुवई हलवतो. मी इतकी वर्षं जातोय, एकदाही बोली लावलेली नाही. भुवई चुकून हलेल म्हणून जरा लांबच उभा राहतो. बाजूला बसलेल्या बायकांकडून मासे वाट्यावर घेतो, आणि दर वेळी महाग घेतो.

जून-जुलैत येणार असाल तर मासेमारी बंद असते. होड्या शाकारून वर ओढलेल्या, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. ताजा मासा विचारलात तर सुका बांगडा पुढे करतील.