तुम्ही विचारलंत म्हणून: आराखडा एवढा चांगला, मग शहर असं का?

नगररचनेचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न बहुधा हाच येतो: "तुम्ही एवढे आराखडे करता, मग रस्त्यांची आणि गटारांची ही दशा कशी?" प्रश्नात थोडा राग असतो आणि तो रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात संपत नाही. कागदावर रेष ओढायला एक दुपार पुरते. ती जमिनीवर उतरेपर्यंत पंधरा-वीस वर्षं सांभाळावी लागते, आणि आमच्या रोजच्या अडचणी बहुतेक त्या सांभाळण्यातल्या आहेत.

सुरुवात मूळ नकाशापासून होते, कारण तो क्वचितच बरोबर असतो. हाताशी दोन गोष्टी असतात: जमिनींच्या हद्दी दाखवणारा जुना भूमापन नकाशा, आणि आज जागेवर काय आहे ते दाखवणारी उपग्रहाची किंवा ड्रोनची प्रतिमा. एकावर एक ठेवल्या की त्या जुळत नाहीत. जुना कागद दमट हवेत फुगलेला, कोरड्या हवेत आकसलेला, घड्यांवर ताणलेला असतो. त्यात जुन्या मोजणीचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा आधार-आकार, वेगळा आणि जीपीएसचा डेटम (डब्ल्यूजीएस ८४) वेगळा. हा फरक लक्षात न घेता थर चढवले तर अख्खा परिसर शंभर-दोनशे मीटर सरकू शकतो. मग जागेवर न हललेली ठिकाणं शोधावी लागतात: जुनी विहीर, पुलाचा कठडा, हद्दीचा दगड. साध्या जुळवणीच्या गणिताला तीन बिंदू पुरतात, पण तीनच घेतले तर संगणक चूक शून्य दाखवतो, कारण ताडून पाहायला चौथा बिंदूच नसतो. नवख्या माणसाला हे शून्य पाहून फार बरं वाटतं. आठ-दहा बिंदू घ्यावेत, ते मध्येही असावेत आणि कडांनाही, आणि जो बिंदू इतरांशी फटकून वागतो तो जागेवर जाऊन पाहावा.

नकाशा जुळला तरी रेषेची जाडी उरते. १:५००० प्रमाणावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेष जमिनीवर अडीच मीटर होते. तेवढ्यात एखाद्याचं स्वयंपाकघर मावतं. म्हणून रस्त्याची रुंदी नकाशावर पट्टी ठेवून मोजायची नसते. मध्यरेषा कुठून धरली, रुंदी किती, आणि लिहिलेला आकडा व काढलेली रेष यांत फरक पडला तर काय ग्राह्य धरायचं, हे आराखड्याच्या मजकुरात स्पष्ट लिहावं लागतं. ही एक ओळ राहून गेली की पुढे प्रत्येक घरमालकाबरोबर वेगळा वाद उभा राहतो.

त्यानंतर पायी फिरून पाहणी. हे काम कार्यालयात बसून होत नाही, कितीही चांगली प्रतिमा हाती असली तरी. वरून छप्पर दिसतं. खाली दुकान, मधल्या मजल्यावर शिवणकाम आणि वर दोन कुटुंबं आहेत हे दिसत नाही. पदपथाचंच घ्या. नोंदीत तो तीन मीटर रुंद असतो. जागेवर टेप लावा: कडेला दिव्याचा खांब आणि फलक, अर्धा मीटर गेला, झाडाचं आळं, एक मीटर, दुकानांच्या पायऱ्या आणि भिंतीपासून माणूस सहज राखतो ते अंतर, आणखी अर्धा मीटर. चालायला उरला एक मीटर. दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडायला साधारण १.८ मीटर लागतात. म्हणजे नोंदीतला तीन मीटरचा पदपथ प्रत्यक्षात वापरण्याजोगा नाही, आणि लोक रस्त्यावरून का चालतात याचं उत्तर तिथेच मिळतं. पाहणीच्या तक्त्यात "एकूण रुंदी" आणि "मोकळी रुंदी" असे दोन वेगळे रकाने ठेवले नाहीत तर ही गोष्ट आराखड्यात कधीच येत नाही.

लोकसंख्येचा अंदाज हा दुसरा खड्डा. आज एक लाख वस्ती असेल आणि वाढ वर्षाला दोन टक्के धरली तर वीस वर्षांनी साधारण १ लाख ४९ हजार होतात. तीन टक्के धरली तर १ लाख ८१ हजार. टक्का एकच, फरक बत्तीस हजार माणसांचा. माणशी दीडशे लिटर पाणी धरलं तर हा फरक रोजचा ४८ लाख लिटर. आणि शहराच्या एकूण आकड्यापेक्षा तो कोणत्या भागात किती वाढेल हे सांगणं जास्त अवघड असतं. एक कारखाना बंद पडला किंवा एक पूल झाला की वाढीची दिशाच बदलते. त्यामुळे एकच आकडा देणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही. कमी, मध्यम, जास्त असे तीन अंदाज हवेत. शाळा आणि दवाखान्याची जागा जास्तीच्या अंदाजाने राखावी, कारण जागा एकदा गेली की परत मिळत नाही; जलवाहिनी, पंप यांवरचा खर्च मात्र टप्प्याटप्प्याने करावा.

आता ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात ते: रस्ता रुंदीकरण. नऊ मीटरचा रस्ता अठरा मीटर करायचा आहे. दोन्ही बाजूंनी साडेचार मीटर घेणं वरकरणी न्याय्य दिसतं. पण कडेचे भूखंड सहा मीटर रुंद आणि दहा मीटर खोल असतील, म्हणजे साठ चौरस मीटरचे, तर प्रत्येकाचे सत्तावीस चौरस मीटर जातात. उरलेल्या तेहतीसमध्ये पुढची-मागची मोकळी जागा सोडली की बांधायला काही राहत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंची घरं अर्धवट मोडतात. एकाच बाजूचे नऊ मीटर घेतले तर त्या बाजूची घरं पूर्ण जातात, दुसरी बाजू शाबूत राहते. माझ्या मते बऱ्याचदा हा दुसरा मार्ग जास्त माणुसकीचा असतो, पण अट एकच: जाणाऱ्यांना पूर्ण मोबदला आणि जवळच घर, आणि तेही आधी. ती तयारी नसेल तर रेष ओढूच नये.

रुंदीकरणाची तिसरी पद्धत सगळ्यात स्वस्त म्हणून सर्रास वापरली जाते: जो इमारत नव्याने बांधेल त्याने तेवढी जागा सोडून मागे सरकायचं. इथे नेमकं काय होतं? दहा वर्षांत चार इमारती मागे सरकतात, सोळा जागच्या जागी राहतात. रस्त्याची कड करवतीसारखी दातेरी होते. वाहतूक सर्वांत अरुंद ठिकाणाच्या हिशोबाने चालते, त्यामुळे रुंद झालेल्या खाचांचा तिला काहीच उपयोग होत नाही. तिथे गाड्या उभ्या राहतात. पुढे त्या गाड्या काढायला गेलं की विरोध होतो. मागे सरकलेल्याचं नुकसान झालेलं, न सरकलेल्याचा फायदा. ही पद्धत वापरायची तर किमान एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा पट्टा ठरलेल्या मुदतीत पूर्ण करण्याची जबाबदारी पालिकेने घ्यायला हवी.

रुंदीकरणाने कोंडी सुटेलच असंही नाही. सिग्नलवर एका मार्गिकेतून हिरव्या दिव्याच्या पूर्ण तासात साधारण १,८०० मोटारी सुटतात. हिरवा दिवा चाळीस टक्के वेळच मिळत असेल तर ७२०. चौकाची क्षमता एवढी असताना मधला रस्ता कितीही रुंद केला तरी रांग फक्त जाडी होते. आधी चौक पाहावा: डावीकडे-उजवीकडे वळणाऱ्यांची मोजणी, बसथांब्याची जागा, पादचाऱ्यांना ओलांडायला मिळणारे सेकंद. ही मोजणी एका दिवसाची पुरत नाही. शाळा चालू असतानाची आणि सुट्टीतली वेगळी येते.

जुन्या हद्दी किती चिवट असतात याचा दाखला लंडनचा. १६६६ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, आणि काही दिवसांत वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर रेनसह अनेकांनी सरळ, रुंद रस्त्यांचे नवे आराखडे पुढे ठेवले. जमीन मोकळी झालेली होती, मालकी मात्र होती तशीच होती. मालकांना आपापल्या जागी लवकर घर हवं होतं, आणि शहर बव्हंशी जुन्याच रस्त्यांवर पुन्हा उभं राहिलं. जे बदललं ते नियमांमुळे: काही रस्ते रुंद झाले, लाकडाऐवजी वीट आणि दगड आले. नव्या आराखड्याचा हट्ट न धरता बांधकामाचे नियम नीट लिहिण्यात केवढी ताकद असते, हे आमच्या धंद्यात लवकर शिकलेलं बरं.

बार्सिलोनाची गोष्ट याहून बोलकी आहे. अभियंता इल्देफोन्स सेर्दाने शहराच्या विस्ताराच्या १८५९ च्या आराखड्यात सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस ठोकळे (चहूबाजूंनी रस्ते असलेले इमारतींचे गट), वीस मीटरचे रस्ते आणि कापलेले कोपरे आखले. ठोकळ्याच्या दोनच बाजूंना इमारती आणि मध्ये बाग, ही त्याची कल्पना. रस्ते आणि कापलेले कोपरे आजही आहेत. बागा मात्र भरून गेल्या. चारही बाजूंनी बांधकाम झालं, आत कार्यशाळा आणि गोदामं आली. गेल्या काही दशकांत तिथल्या पालिकेने त्यातली काही अंगणं पुन्हा मोकळी केली आहेत. माझा निष्कर्ष असा की रस्ता सार्वजनिक मालकीचा झाला म्हणून टिकला, आणि बाग खासगी आवारात राहिली म्हणून गेली. मोकळी जागा टिकवायची असेल तर तिची मालकी, कुंपण आणि देखभालीचा खर्च हे तिन्ही पहिल्याच दिवशी ठरायला हवं. नुसता हिरवा रंग भरून ती वाचत नाही.

पावसाचं पाणी हा विषय लोकांना आराखड्याशी जोडलेला वाटत नाही, पण तो तिथूनच बिघडतो. दहा हेक्टर उतारावर तासाला साठ मिलिमीटर पाऊस पडला आणि जमीन मोकळी असली तर साधारण तीस टक्के पाणी वाहून येतं: सेकंदाला अर्धा घनमीटर. तिथे इमारती आणि फरसबंदी होऊन प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेलं की तेच १.३३ घनमीटर होतं. म्हणजे त्याच उतारावर जवळपास दीडपट व्यासाचा नळ हवा. वरच्या भागाला बांधकाम परवानगी देताना खालच्या वस्तीचा नळ कोणी बदलत नाही, आणि पाणी तुंबलं की दोष नालेसफाईला दिला जातो. त्यातच रस्त्यावर दर वेळी जुना थर न खरवडता चार-पाच सेंटिमीटरचा नवा थर चढवला जातो. पाच थरांत रस्ता वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच होतो आणि पाणी घराच्या उंबऱ्याकडे वळतं. कामाच्या निविदेत "आधी खरवडणे" ही बाब घातलेली आहे का, हे पाहणं म्हणजे नगररचनाच आहे, कोणी मानो न मानो.

खात्यांच्या समन्वयाबद्दल बरंच बोललं जातं, मी एवढंच सांगतो: क्रम महत्त्वाचा. मलवाहिनी उतारावर चालते, ती मनाप्रमाणे वर-खाली करता येत नाही, म्हणून ती आधी आणि सर्वांत खोल. मग पाण्याची वाहिनी, तिच्यापासून दूर आणि वरच्या पातळीवर. मग वीज आणि दळणवळणाच्या तारा, आणि पुढच्या तारांसाठी दोन-तीन रिकाम्या नळ्या. डांबर सगळ्यात शेवटी. क्रम उलटतो तो बहुतेक वेळा निधीमुळे, कारण रस्त्याचा पैसा या वर्षी येतो आणि मलवाहिनीचा पुढच्या.

आणि सुनावण्या. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती येतात. त्या ढोबळपणे तीन प्रकारच्या असतात. "नकाशात माझं घर दाखवलेलंच नाही" ही चूक आहे. ती तिथल्या तिथे मान्य करून दुरुस्त करावी. "रस्ता माझ्या घरावरून जातो" हा अन्याय असू शकतो. पर्यायी रेष खरोखर आखून तपासायला हवी. "माझ्या जमिनीवरचं आरक्षण (शाळा, उद्यान अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणं) उठवा" ही कित्येकदा जमिनीच्या भावाची मागणी असते, आणि तिला शेजारच्या भूखंडाला लावलेलाच निकष लावायचा. दबाव येतो तो इथे. त्यावर उपाय एकच: प्रत्येक बदलाचं कारण फाइलमध्ये लेखी, तारखेसह, आणि कोणाच्या सांगण्यावरून झाला त्याच्या नावासह. अधिकाऱ्याच्या बदलीनंतरही ते पान तिथेच राहतं.

सुनावणीला भाडेकरू फारसे येत नाहीत, मुलं येत नाहीत, आणि जे वीस वर्षांनी तिथे राहणार आहेत ते तर येऊच शकत नाहीत. उद्यानाच्या बाजूने बोलायला खोलीत कोणी नसतं, तेव्हा तिथे बसलेल्या नगररचनाकाराने बोलायचं असतं. हा भाग मला या कामात सर्वांत मोलाचा वाटतो.

तुम्हाला स्वतःला हरकत नोंदवायची असेल तर भावनेआधी भूखंड क्रमांक लिहा. मालकीचा आणि हद्दीचा कागद जोडा. आराखड्याच्या कोणत्या पत्रकावर कोणती खूण आहे ते सांगा, जागेचे दोन-तीन फोटो लावा आणि शक्य असेल तर नकाशाच्या प्रतीवर पेन्सिलने तुमची पर्यायी रेष काढून द्या. पोच घ्या आणि हरकतीचा क्रमांक जपून ठेवा. सुनावणीच्या दिवशी सगळं त्याच क्रमांकाने शोधलं जातं.