सहा तास ते सहा दिवस

मार्गशीर्ष संपला आणि लगेचच्या रविवारी मी अख्खी कोंबडी भाजायचा घाट घातला. चिकनवाल्याने दोनदा विचारून घेतलं, "कापायची नाही? आणि कातडी ठेवायची?" हे गिऱ्हाईक त्याला नवीनच होतं. चिंचवडहून धाकटी नणंद, तिचा नवरा आणि चार वर्षांचा भाचा जेवायला येणार होते, आणि नेहमीचा रस्सा सोडून काहीतरी वेगळं करायची मला हुक्की आली होती.

सव्वा किलोची कोंबडी. लोणी, लसूण, लिंबू, मिरपूड. १९० अंश, सव्वा तास. ओटीजीच्या काचेतून बघावं तर असा रंग चढत होता की मी फोटोसुद्धा काढले. टेबलावर आणल्यावर सगळ्यांनी वा वा केलं. सासूबाईंनी मात्र काट्याने टोचून बघितलं, "हाड सुटत नाहीये गं" म्हणाल्या आणि स्वतःच्या ताटात वरणभात आणि कोशिंबीर वाढून घेतली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिली तंगडी अर्थातच भाच्याला.

दुसरी नवऱ्याने तोडली. जोडापाशी ती गुलाबी होती. हाडालगत चकचकीत, ओलसर गुलाबी. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग "गार झालंय, जरा गरम करून आणते" म्हणत मी ताटच उचललं.

स्वयंपाकघरात येऊन ओटीजीचं बटण पाहिलं. आदल्या रात्री लेकीने चीज टोस्ट केले होते. बटण अजून वरच्या रेघेवरच. खालची कॉइल सव्वा तासात एकदाही तापली नव्हती. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हा.

उरलेल्या कोंबडीचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता. तुकडे केले, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घातले, वर पाणी, झाकण, चांगली वीस मिनिटं रटरटू दिलं. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि कोंबडीच्या मांसाला आतपर्यंत ७४ अंश मिळाले की पुरतं. हे आकडे मला रात्री कळले. रस्सा करणाऱ्या बाईच्या हातात न मागता चोवीस अंश शिल्लक असतात! आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणाला थर्मामीटर लागला नाही तो यामुळे. भाजताना ही चैन नाही. तिथे मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, टोच घालून मोजायचं असतं. माझ्याकडचा एकमेव थर्मामीटर तापाचा.

रात्री अंथरुणात मोबाइल घेऊन बसले. झोप उडवायला याहून खात्रीचा उपाय नाही. साल्मोनेला हा कच्च्या कोंबडीत सापडणारा एक जिवाणू, त्याची लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. कॅम्पायलोबॅक्टर हा तसाच दुसरा, त्याच्याहून सावकाश, बहुतेकदा दोन ते पाच दिवस घेतो. म्हणजे सुतकासारखे दिवस मोजणं आलं. पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त जपायला हवं, हे वाचलं आणि ती छोटीशी मूठ आणि त्यातली तंगडी डोळ्यांसमोरून हलेना. (साल्मोनेलाचा सालमन माशाशी काही संबंध नाही, हेही त्याच रात्री कळलं. डॅनियल साल्मन नावाचे एक अमेरिकन पशुवैद्य होते. जिवाणू शोधला त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथने, १८८५ च्या सुमाराला. नाव लागलं साहेबाचं. कचेऱ्या सगळीकडे सारख्याच.)

थोडा दिलासाही मिळाला, पण तो टिकला नाही. दुकानातली कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिची हाडं कोवळी, त्यांतल्या मगजाचा रंग झिरपून पूर्ण शिजलेलं मांससुद्धा हाडापाशी गुलाबी दिसू शकतं. वा! पण पुढच्याच ओळीत, मांस पांढरं दिसलं म्हणजे ते पुरतं शिजलं असंही नाही. मग डोळे काय कामाचे?

वरणभातावर भागवणाऱ्या सासूबाई तरी सुटल्या, असं म्हणत कूस बदलली तोच आठवलं: कोंबडी मी हळद-मीठ चोळून नळाखाली खळखळून धुतली होती. धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओटाभर उडतात, असं ब्रिटन-अमेरिकेतली सरकारी खाती कंठशोष करून सांगतात. आणि सिंकशेजारी कोशिंबिरीची काकडी सोलून ठेवलेली होती. बारा वाजून गेले होते. मी उठले आणि ओटा गरम पाण्याने, साबणाने धुऊन काढला. त्याने रविवारच्या काकडीचं काय होणार होतं, देव जाणे.

सोमवारपासून नणंदेला रोज फोन. विचारायचं एकच होतं, पण वहिनीने सकाळी सकाळी "जुलाब नाहीत ना?" म्हणून कसं विचारायचं? मग आडून आडून. आज डब्याला काय? पिल्लू जेवला का नीट? थंडी फार आहे ना तिकडे? (तिकडे म्हणजे पंधरा-वीस किलोमीटरवर.) बुधवारी ती म्हणाली, "आज घरीच आहे तो," आणि माझ्या पोटात गोळा आला. शाळेला स्नेहसंमेलनाची सुट्टी होती. इकडे माझंही पोट दिवसातून चारदा गुरगुरायचं. एरवीही गुरगुरत असणार, पण तेव्हा कोण कान देतं? नवरा रोज ऑफिसातून आला की दारातच म्हणायचा, "आहे अजून." आणि सासूबाई दोन वेळा व्यवस्थित जेवून, पेपर वाचून, दुपारची झोप काढत होत्या.

शनिवारी दुपारी एक वाजता सहा दिवस भरले. मी तांदळाची खीर केली, कारण कुणालाच सांगितलं नाही. रविवारी फोन केला नाही.

तर संध्याकाळी तिचाच आला. "वहिनी, आज फोन नाही तुझा? तुम्ही सगळे बरे आहात ना? नाही, आम्ही ठणठणीत आहोत गं, पण ती तंगडी जरा गुलाबी होती. मी पिल्लूला वरवरचंच भरवलं. आतली टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकली. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."